पाच किलोंची थाप

सर्फिंग शिकायला गेले तेव्हा पहिला प्रश्न ‘पोहता येतं का’ हा असेल असं वाटलं होतं. तो दुसरा निघाला. पहिला होता, “वजन किती?”

“५८,” मी म्हणाले. खरं ६३ होतं. चाळिशी उलटलेली बाई, अंगाला सालीसारखा चिकटलेला वेटसूट आणि समोर वही घेऊन उभा विशीतला पोरगा, अशा वेळी पाच किलो आपोआप गळून पडतात. त्याने आकडा लिहून घेतला, मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “आठ फुटी घ्या, ताई. तो निळा.”

तो निळा म्हणजे गादीच होती. आठ फूट लांब, माझ्या काखेत न मावणारा, कडा गोल, वरून स्पंजसारखा मऊ. शेजारी दहा-बारा वर्षांची पोरं तसलेच बोर्ड ओढत पाण्याकडे पळत होती. पहिले चार दिवस मी त्या गादीवर काढले. कमरेएवढ्या पाण्यात, आधीच फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात, तिसऱ्या दिवशी उभीही राहिले. तीन सेकंद असतील. पण उभी राहिले त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला दिलं. गादीला एक गुणही दिला नाही.

आणि मग स्वतःचा बोर्ड घ्यायची हौस आली.

या हौसेबद्दल जरा बोलायला हवं, कारण घोटाळा तिथेच होतो. पहिला बोर्ड घेताना आपण बोर्ड बघतच नाही. आपण एक चित्र बघत असतो. त्या चित्रात आपण काचेसारख्या लाटेवर तिरपे झुकलेले असतो, एक हात पाण्याला लावलेला, केस बरोब्बर उडणारे. त्या चित्रात आठ फुटी निळी गादी कुठेच बसत नाही. मला बसणारा बोर्ड एका घराच्या भिंतीला टेकून उभा होता. वापरलेला होता. लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आखूड, पोट रुंद, शेपूट दुभंगलेली. या आकाराला फिश म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. खालच्या बाजूला मधल्या लाकडी पट्टीलगत, पॉलिशच्या आत अडकलेली पेन्सिलची अक्षरं होती: ५'८" × २०½" × २½", आणि पुढे बारीक अक्षरात ३२ लीटर.

लांबी, रुंदी, जाडी आणि लीटर. मी लांबी वाचली, खूश झाले. रुंदी आणि जाडी नुसती डोळ्यांखालून घातली. लीटर वाचलेच नाहीत. वाचले असते तरी काय कळणार होतं? बोर्डमध्ये कोण पाणी भरून ठेवतं!

ते गणित मला नंतर कळलं, आणि ते इतकं साधं आहे की शाळेत आर्किमिडीज शिकलेल्या कुणालाही कागदाशिवाय करता यावं. बोर्ड पूर्ण बुडाला तर जितकं पाणी बाजूला सारेल ते त्याचे लीटर. एक लीटर समुद्राचं पाणी म्हणजे किलोपेक्षा किंचित जास्त. म्हणजे ३२ लीटरचा बोर्ड अगदी पाण्याखाली गेला तरी साधारण ३३ किलो तोलून धरणार. माझे ६३ आणि बोर्डाचे स्वतःचे ३, मिळून ६६. उरलेले ३३ किलो कोण तोलणार? मीच. अंग पाण्यात बुडवून. थोडक्यात, निम्मी मी बोर्डवर आणि निम्मी समुद्रात. आता त्या अवस्थेत हातांनी पाणी कापत पुढे जायचं आणि मागून येणाऱ्या लाटेचा वेग गाठायचा. छातीला, पोटाला, मांड्यांना पाणी धरून ठेवतंय. ओली चादर पांघरून पळण्यासारखंच ते.

निळ्या गादीचे लीटर होते ८०. म्हणजे ८२ किलोंची ताकद. तिचं वजन साडेसहा आणि माझे ६३ धरले तरी १२ किलोंची शिल्लक. ती मला पाण्याच्या वर धरायची, आणि वर असलेली वस्तू सरकते. लाट अजून नुसती फुगलेली असते, कडा मोडलेली नसते, तेव्हाच ती लाटेबरोबर निघते. मग उभं राहायला दोन-तीन सेकंद जास्त मिळतात. नवशिक्याचं सगळं नशीब त्या दोन-तीन सेकंदांत असतं.

मग तरबेज सर्फर २५-३० लीटरच्या चिमुकल्या बोर्डवर कसे जातात? त्यांचाही बोर्ड थांबलेला असताना त्यांना पेलत नाही. बसलेले असताना बघा, बरगड्यांपर्यंत पाण्यात असतात. पण लाट मोडायच्या बेतात असते त्या अचूक जागी ते आधीच जाऊन थांबलेले असतात. दोन-चार हात मारतात, उतार त्यांना खाली खेचतो, वेग येतो, आणि एकदा वेग आला की खालून पाणीच बोर्डला उचलून धरतं. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसं. दगड थांबला की बुडतो. लहान बोर्ड हा वेग असणाऱ्याचा बोर्ड आहे, आणि माझ्याकडे वेग सोडून सगळं होतं.

तरी मी अडीच महिने चिकाटीने बुडले.

चिकाटी हा शब्द मुद्दाम वापरते आहे, कारण त्या काळात मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. पहाटे उठायचं, जायचं, हात मोडेस्तोवर वल्हवायचं, लाट पायांखालून निघून जायची. चुकून एखादी मिळालीच तर मी उठायला लागताच बोर्ड ओल्या साबणासारखा निसटायचा. एकदा तो निसटून परत आला तो थेट माझ्या नडगीवर, फिनच्या, म्हणजे बोर्डखालच्या माशाच्या परासारख्या पात्याच्या, धारेने. पाच टाके. फायबरग्लासची फिन म्हणजे जवळजवळ पातंच की. सर्फिंगमधल्या जखमांचा मोठा वाटा स्वतःच्याच बोर्डने झालेला असतो. शार्कचं नाव उगाच खराब आहे. शिकायच्या बोर्डांना मऊ, वाकणाऱ्या फिन लावतात आणि वरचा थर स्पंजाचा असतो, तो काही नवशिक्याचे लाड म्हणून नव्हे.

बोर्ड परत येऊन आपटतो त्याला पायाची दोरीही कारण असते. लीश म्हणतात तिला. ती नव्हती तेव्हा पडलं की बोर्ड किनाऱ्याला लागायचा आणि सर्फर त्याच्यामागे पोहत जायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात लीश आली, तेव्हा ती रबरी नळीची होती आणि नको तेवढी ताणली जायची. वेटसूट बनवणारा कॅलिफोर्नियातला जॅक ओनील याचा डावा डोळा त्यातच गेला. ताणलेल्या लीशने बोर्ड उलटा त्याच्याच तोंडावर आणला. ही लीश लोकप्रिय करणाऱ्यांत त्याचा मुलगा होता. आताच्या लीश तेवढ्या ताणल्या जात नाहीत. लांबी बोर्डाइतकी असावी एवढं पाहिलं की झालं. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे ही सवय मात्र पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. मी टाके पडल्यावर लावली.

अडीच महिन्यांच्या शेवटी आणखी एक गोष्ट लक्षात आली. बोर्ड जड होत चालला होता. आधी वाटलं, मीच दमतेय. मग एका दुपारी तो सावलीत शेपूट खाली करून उभा केला होता, तर फिनच्या बुडाशी एक थेंब जमलेला दिसला. पुसला. पाच मिनिटांनी दुसरा. जवळ जाऊन पाहिलं तर केसाएवढी भेग, भोवती चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा. तिथून पाणी फायबरग्लासच्या कवचातून आतल्या फोममध्ये मुरत होतं. कधीपासून, कोण जाणे. ज्याच्याकडून घेतला त्याला दोष देणार नाही. त्याने बोर्ड पुढ्यात ठेवला होता. मी त्याचा रंग बघत होते.

वापरलेला बोर्ड बघायला दहा मिनिटं लागतात आणि ती मी दिली नव्हती. अंगठ्याने वरचा भाग दाबत जायचं. आपण जिथे उभे राहतो तिथे उभ्या-आडव्या हलक्या खळग्या असतातच, त्यांचं काही नाही. पण कातडी आत-बाहेर होत असेल, टकटक केल्यावर आवाज पोकळ येत असेल, तर फायबर फोमपासून सुटलं आहे. मग बोर्ड डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून बघायचा. वरून आणि खालून एकाच जागी आडवी रेघ दिसली तर तो एकदा मोडता मोडता राहिलेला आहे, तो घ्यायचाच नाही. फिन धरून हलवायची, बूड हलता कामा नये. नुसता पिवळेपणा फार मनाला लावून घेऊ नये, पांढरा पॉलियुरेथेन फोम उन्हाने पिवळा पडतोच. आणि शेवटी, हातात उचलून बघायचा. त्या मापाच्या बोर्डापेक्षा जड लागला तर आत समुद्र आहे.

फोमचा विषय निघालाच आहे तर, कडक बोर्डांत मुख्य दोन जाती. पॉलियुरेथेनचा गाभा आणि वर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट थर, ही १९५० च्या दशकाच्या शेवटी रुळलेली पद्धत. कॅलिफोर्नियात बोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी ती बसवली. दुसरी जात थर्माकोलसारख्या ईपीएसची, वर एपॉक्सी. ती हलकी असते, जास्त तरंगते, पण भेग पडली तर पाणी जास्त भराभर पिते. क्लार्कचा कारखाना इतका मोठा झाला होता की अमेरिकेतले बहुतेक शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे कारागीर, त्याच्याच गाभ्यांवर काम करायचे. आणि ५ डिसेंबर २००५ ला त्याने तो एका दिवसात बंद करून टाकला. लोकांची पळापळ झाली आणि ईपीएसला मागणी आली. पहिला बोर्ड घेणाऱ्याला या इतिहासाचा काडीचा उपयोग नाही, पण वाट बघत पाण्यात बसलं की असल्या गोष्टी ऐकायला मिळतात, आणि मी अडीच महिने नुसतीच बसले होते.

खरं तर सगळेच बसलेले असतात. सर्फरांचा पाण्यातला वेळ मोजून पाहिला गेला आहे. जवळपास निम्मा वेळ वल्हवण्यात जातो, पाच भागांतले दोन भाग नुसतं बसण्यात, आणि लाटेवर प्रत्यक्ष असण्याचा वेळ शंभरातला जेमतेम चार-पाच. हे आकडे स्पर्धांत उतरणाऱ्या सर्फरांचे आहेत. नवशिक्याचे चार-पाच तरी कुठले! मी बोर्ड घेतला होता तो त्या चार टक्क्यांतल्या चित्राकडे बघून. उरलेले शहाण्णव टक्के ज्यात गेले ते वल्हवणं, बसणं, वळणं, वाट बघणं, ते चित्रात नव्हतंच.

नडगीचे टाके निघाल्यावर मी परत त्या शिकवणाऱ्या मुलाकडे गेले. तो बोर्ड धूत होता. मी न विचारता सांगून टाकलं, “६३.”

त्याने मान वर केली. “वेटसूट धरून?”

“वेटसूट सोडून.”

“मग निळाच,” तो म्हणाला आणि परत धुवायला लागला. पिवळ्या बोर्डाबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं होतं, निदान एक व्याख्यान तरी ऐकावं लागेल. तयारी करून गेले होते.

त्याचा हिशोब असा होता: अगदी नव्या माणसाला किलोमागे निदान एक लीटर, आणि पाण्यात फार दमत असेल तर सव्वा. माझी पाच किलोंची थाप या हिशोबात पाच-सहा लीटरची. आठ फुटी बोर्डात ती सहज जिरून जाते, म्हणून तेव्हा काही बिघडलं नव्हतं. म्हणजे थाप वाईट होतीच, पण बिघडवलं ते ८० वरून ३२ वर उतरलेल्या, ४८ लीटरच्या हौसेने.

निळ्या गादीवर पहिले दोन दिवस नाक खुपसण्यात गेले. म्हणजे बोर्डचं नाक पाण्यात आणि मागोमाग माझंही. आपण फार पुढे झोपलो की असं होतं. फार मागे झोपलो की नाक हवेत आणि शेपूट ब्रेक लावल्यासारखी पाणी ढकलते. दोन्हींच्या मधे चार बोटांची जागा असते, तिथे झोपलं की नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहतं. मी ती जागा सापडल्यावर हनुवटीखाली मार्करने एक रेघ मारून ठेवली. मऊ बोर्डवर हे करता येतं, त्याला काही वाटत नाही. बोर्ड बाजूने धरला की नाकापासून शेपटीपर्यंत जो बाक दिसतो त्याला रॉकर म्हणतात. बाक कमी तर बोर्ड झपकन सरकतो, पण उभ्या उतारावर नाक खुपसतो. जास्त असेल तर उतार झेपतो, पण वल्हवताना जड जातो. शिकताना लाटाच बुटक्या घ्यायच्या असतात, त्यामुळे जवळजवळ सपाट बोर्ड चालतो, नाकाशी थोडा उचललेला असला म्हणजे झालं. फिन एक की दोन की तीन, यावर पहिल्या वर्षी डोकं खपवू नये. ऑस्ट्रेलियाचा सायमन अँडरसन १९८१ मध्ये तीन फिनच्या बोर्डवर तिथल्या बेल्स बीचची स्पर्धा जिंकला आणि जग तीनवर गेलं. गादीलाही तीनच होत्या. मला फरक पडला नाही.

गादीचे दोष सांगितले नाहीत तर अन्याय होईल. ती काखेत धरता येत नाही, हात खालच्या कडेपर्यंत पोचत नाही. डोक्यावर घ्यावी लागते, मग मान धरते. वारा असेल तर ती शीड होते आणि आपण तिच्यामागे फरफटतो. उन्हात विसरलात तर वरचा थर फुगतो. सगळ्यात त्रासाचं म्हणजे तिच्यासकट लाटेखालून जाता येत नाही. लहान बोर्ड नाकाने खाली दाबून लाटेखालून सूर मारता येतो. ८० लीटर खाली दाबायला जाल तर ते तुम्हालाच वर फेकतील. मग कासव व्हायचं. लाट अंगावर येताना बोर्ड दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायचा आणि उलटं व्हायचं, आपण खाली, बोर्ड वर. डोक्यावरून गडगडाट जातो, बोर्डला हिसका बसतो, मग शांत. परत सुलटं. दहा लाटांमागे सहा वेळा मला ते जमतं. उरलेल्या चार वेळा मी आणि गादी वेगवेगळ्या वाटांनी किनाऱ्यावर येतो.

मोठ्या बोर्डची लाज वाटायची माझी सवय मात्र एका माहितीने गेली. जुन्या हवाईत लांबलचक, जड ओलो बोर्ड हा सरदार-राजांचा मान होता, आणि सामान्य माणसं आखूड, पातळ अलायावर जायची. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलेला ड्यूक कहानामोकू १९३० च्या सुमारास जो बोर्ड वापरायचा तो १६ फुटी होता, वजन ५० किलोंच्या वर. आखूड म्हणजे श्रेष्ठ ही समजूत १९६० च्या दशकाच्या शेवटची. त्याच्या लगेच आधीच्या पिढ्यांतले बहुतेक सर्फर माझ्या गादीहून लांब बोर्डांवर शिकले.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात एक लाट मिळाली. फुटलेली नव्हे, फुटायच्या आधीची, हिरवी. मी वल्हवत होते आणि अचानक वल्हवणं हलकं झालं, हातांखालून पाणीच नाहीसं झाल्यासारखं. शेपूट उचलली गेली. मला उठायचं भान राहिलं नाही. मी पालथीच गेले, हनुवटी त्या रेघेवर, दोन्ही हातांनी कडा धरून, पार वाळूपर्यंत. उभी राहिले असते तर चित्रात शोभलं असतं. पण बोर्ड लाट पकडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते कळायला मला पालथं राहणंच बरं पडलं.

आता वर्ष होत आलं. गादीवर मधोमध दोन खळगे पडले आहेत, वाटीएवढे. गुडघ्यांचे. एका झटक्यात पायांवर यायचं असतं, मी अजून आधी गुडघे टेकते आणि मग उठते. वाईट खोड आहे हे माहीत आहे, खळगे रोज दाखवतातही.

त्या खळग्यांकडे बघताना पिवळ्याची आठवण झाली. फिश हा आकार मुळात स्टीव्ह लिस नावाच्या मुलाने १९६७ मध्ये सॅन डिएगोत केला, तो गुडघ्यांवर बसून सर्फ करण्यासाठी. उभं राहायचंच नाही, म्हणून आखूड. पायांत पोहण्याचे पंजे घालायचे, म्हणून वल्हवण्याचा भार एकट्या हातांवर नाही. हे कळल्यावर मी पिवळा बाहेर काढला, महिनाभर उलटा टांगून कोरडा केला, भेग घासली, रेझिन भरलं. गेल्या आठवड्यात पायांत रबरी पंजे चढवून तो पाण्यात नेला. बसले तर नेहमीसारखी बरगड्यांपर्यंत समुद्रात. लाट आली तेव्हा हात मारले नाहीत, पाय झाडले. उतार लागला, गुडघे जवळ ओढून घेतले, आणि पाच फूट आठ इंचांचा तो बोर्ड असा काही सुटला की कानांत वाऱ्याचा आवाज आला. सहा-सात सेकंद. मग डावीकडे वळायला गेले आणि पडले.